दरबारातील महाराज आणि दालनातील सयाजीराव

बडोद्यातील जुन्या मराठी घरांतून दिवाणखान्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांची तसबीर असावयाची आणि तसबिरीच्या जोडीला एक कथाही असावयाची, असा जणू रिवाजच होता. कोणाच्या आजोबांना महाराजांनी नावाने हाक मारली होती, कोणाच्या पणजोबांचे अक्षर पाहून बढती दिली होती. आमच्याही घरी अशी एक कथा आहे. आमचे आजोबा खानगी खात्यात कारकून होते. एकदा टिप्पण घेऊन ते दालनाबाहेर उभे असता महाराजांनी त्यांस आत बोलावून एका बेरजेतील चूक दाखविली आणि ती दुरुस्त करून आणावयास सांगितले. आजोबा स्वतः ही गोष्ट दोन वाक्यांत सांगत. वडिलांच्या तोंडी ती आली तेव्हा महाराजांनी आजोबांच्या पाठीवर हात ठेवला होता. आत्याबाईंच्या कथेत महाराजांनी सोन्याचे घड्याळही दिले होते. ते घड्याळ मात्र आमच्या घरात कोणीही कधी पाहिले नाही.

थोरांची लोकमानसातील प्रतिमा अशीच वाढत जाते. ती खोटी असते असे नाही; तिच्या तळाशी बेरजेतील खरी चूक असते. पण प्रतिमा आणि प्रत्यक्ष वर्तन यांची तुलना केल्याशिवाय माणूस कळत नाही, आणि ज्यांच्या आश्रयाने आपली घराणी या गावी रुजली त्यांच्याविषयी तर ही तुलना करणे आपले कर्तव्यच आहे. प्रस्तुत लेखात तेवढाच प्रयत्न करावयाचा आहे.

महाराजांचा पूर्वेतिहास वाचकांस ठाऊक आहेच. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी 11 मार्च 1863 रोजी जन्मलेला गोपाळराव हा शेतकरी कुळातील मुलगा महाराणी जमनाबाईंनी 1875 साली दत्तक घेतला. तत्पूर्वी मल्हाररावांना रेसिडेंट फेअर यांच्यावरील विषप्रयोगाच्या प्रकरणानंतर पदच्युत करण्यात आले होते. बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नसलेल्या या मुलाला इलियट साहेबांनी शिकविले, दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभाराचे पाठ दिले आणि 1881 च्या डिसेंबरात त्याच्या हाती अधिकार आले. गादी इंग्रजांच्या मर्जीने मिळू शकते व त्यांच्याच मर्जीने जाऊही शकते, हा धडा त्याला पहिल्या दिवसापासून समोर दिसत होता. पुढील घटनेचा विचार करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

12 डिसेंबर 1911 रोजी दिल्लीस पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी यांचा दरबार भरला. संस्थानिकांनी एकामागून एक पुढे जावे, बादशहांस व राणीस वाकून मुजरा करावा आणि पाठ न दाखविता मागे सरावे, असा शिरस्ता ठरला होता. प्रथम हैदराबादचे निजाम गेले, त्यांच्यामागून बडोद्याचे महाराज. महाराजांच्या अंगावर त्या प्रसंगास साजेसे जडजवाहीर नव्हते, हातात काठी होती. त्यांनी एकदा मुजरा केला आणि पाठ फिरवून ते चालते झाले, असा बोभाटा झाला. लंडनच्या वृत्तपत्रांनी आग पाखडली. त्या प्रसंगाचे चलत्चित्र घेतले गेले होते; ते लंडनच्या चित्रगृहांतून दाखविले गेले आणि हजारो लोकांनी महाराजांना प्रथम पाहिले ते त्या काही क्षणांत. आज ज्याला आपण प्रसिद्धीमाध्यमांनी घडविलेली प्रतिमा म्हणतो, तिचा हा हिंदुस्थानातील फार आरंभीचा नमुना म्हणावा लागेल.

गमतीची गोष्ट अशी की, त्याच काही क्षणांतून परस्परांविरुद्ध दोन प्रतिमा निर्माण झाल्या. इंग्रजांच्या लेखी सयाजीराव राजद्रोही ठरले आणि आपल्या लोकांच्या लेखी स्वाभिमानी वीर. महाराजांनी स्वतः व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांना पत्र लिहून दिलगिरी प्रकट केली. आपण गोंधळून गेलो, आपल्यापुढे केवळ निजामच असल्याने त्यांचे वर्तन नीट पाहता आले नाही, असा त्यांचा खुलासा होता. ते पत्र प्रसिद्धही झाले. परंतु इंग्रजांनी त्यावर विश्वास ठेवला नाही आणि आपल्या लोकांनी ते विसरून जाणे पसंत केले. आमच्या लहानपणी आम्हांस दरबारातील पाठ फिरविण्याची गोष्ट शंभर वेळा सांगण्यात आली, दिलगिरीच्या पत्राची एकदाही नाही.

महाराजांच्या मनात त्या क्षणी काय होते याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही, आणि आम्ही त्यात निवाडा देऊ इच्छित नाही. एवढेच म्हणावयाचे की, काही क्षणांच्या दर्शनावरून माणसाची पारख करणे हा दोन्ही पक्षांचा सारखाच प्रमाद होता. ज्यांनी वर्षानुवर्षे महाराजांना दालनात पाहिले, त्यांच्याकडे वळणे अधिक उचित.

त्यांत अग्रमान रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांचा. 1889 साली ते महाराजांचे वाचक म्हणून रुजू झाले, पुढे राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि 1925 पर्यंत, म्हणजे छत्तीस वर्षे, त्यांनी या एका धन्याची सेवा केली. ग्रंथ वाचून दाखवावयाचे, त्यांवर चर्चा करावयाची, राजपुत्रांसाठी इतिहासाची टिपणे काढावयाची, या नित्याच्या कामातूनच रियासतींचे बीज पडले. त्यांनी लिहून ठेवलेल्या सहवासाच्या आठवणींतून जे सयाजीराव दिसतात ते तसबिरीतल्याहून निराळे आहेत: विद्येची अनिवार तहान असलेले, घड्याळाच्या काट्यावर दिवस आखणारे, स्वतः विश्रांती न घेणारे आणि म्हणूनच दुसऱ्यालाही न घेऊ देणारे. असा धनी दुरून पूज्य वाटतो. जवळून त्याची चाकरी करणे किती कठीण, हे चाकरालाच माहीत.

याच दालनात 1893 ते 1906 या काळात बडोदे सरकारच्या नोकरीत असलेले अरविंद घोष यांचेही येणे-जाणे होते. महाराजांची भाषणे व महत्त्वाची पत्रे लिहिण्यासाठी त्यांना बोलावणे येई. सरदेसायांनीच सांगितलेली एक आठवण आमच्या विषयाला फारच जुळणारी आहे. एकदा अरविंदबाबूंनी लिहिलेले भाषण ऐकून महाराज म्हणाले की, हे जरा सौम्य करा; आपल्या तोंडी शोभावे त्याहून हे फार सरस झाले आहे. अरविंदबाबूंनी उत्तर दिले ते असे की, सौम्य केले तरी लोक हेच म्हणणार की महाराज दुसऱ्याकडून भाषणे लिहवून घेतात. विचार आपले आहेत की नाहीत एवढेच पाहावे. या लहानशा संवादात महाराजांचा मोठेपणा आम्हांस दरबारातील प्रसंगापेक्षा अधिक दिसतो. आपली प्रतिमा आपल्याहून मोठी होत आहे, हे ओळखून तिला आवर घालू पाहणारा सत्ताधीश विरळाच.

घरातले सयाजीराव मात्र इतके सरळ नव्हते. 1902 साली विधवाविवाहाचा आणि 1904 साली बालविवाहप्रतिबंधाचा कायदा करणारा हा राजा. महाराणी चिमणाबाईंनी भारतीय स्त्रियांच्या स्थितीविषयी सहलेखकासह लिहिलेला इंग्रजी ग्रंथ 1911 साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांची कन्या इंदिराराजे हिने ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांशी ठरलेला विवाह स्वतः पत्र लिहून मोडला, कारण तिचे मन कुचबिहारच्या राजपुत्र जितेंद्र यांच्यावर जडले होते. बडोदे आणि ग्वाल्हेर या दोन्ही गावांच्या मराठी मंडळींत या गोष्टीची चर्चा पुढे दोन पिढ्या पुरली. मुलीला शिकविणाऱ्या, तिला जग दाखविणाऱ्या मातापित्यांनी तिच्या निवडीस दीर्घकाळ विरोध केला आणि 1913 साली लंडनमध्ये तिचा विवाह झाला तेव्हा ते दोघेही तेथे नव्हते. कायदा प्रजेसाठी होता. कन्येच्या बाबतीत राजा आपल्या काळातला बाप ठरला. यात दोषापेक्षा मनुष्यधर्मच अधिक आहे, असे आम्हांस वाटते.

येथपर्यंत तुलना महाराजांची होती. आता जे लिहावयाचे ते आमच्या-तुमच्या पूर्वजांविषयी आहे, आणि ते लिहिताना लेखणी जड होते.

1893 साली अमरेली तालुक्यात आणि 1906 साली सर्व राज्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करणाऱ्या महाराजांनी अस्पृश्यांच्या मुलांसाठीही शाळा काढल्या. त्या शाळांत शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. याच महाराजांनी 1913 साली भीमराव आंबेडकर यांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे बडोदे सरकारची नोकरी करावी असा करार होता. त्याप्रमाणे 1917 च्या सप्टेंबरात आंबेडकर बडोद्यास आले. पुढे काय झाले ते त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. राहावयास जागा मिळेना म्हणून एका पारशी धर्मशाळेत ते पारशी नाव धारण करून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या पारशी जमावाने त्यांना बाहेर काढले. एका हिंदू मित्राने आणि एका ख्रिस्ती मित्राने आसरा देण्यास असमर्थता दाखविली. मुंबईच्या गाडीला अवकाश होता, म्हणून त्यांनी कमाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, पाच तास काढले आणि रात्रीच्या गाडीने ते निघून गेले. त्या बागेतील ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

या हकिकतीतील एक तपशील सामान्य वाचकाच्या नजरेतून सुटेल, पण आम्ही गुजरात शासनाच्या सेवेत बत्तीस वर्षे काढली असल्याने आमच्या नजरेतून सुटला नाही. आंबेडकरांनी सरकारी बंगला मिळावा म्हणून अर्ज केला होता. तो अर्ज या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला आणि त्याचा निकाल लागण्यापूर्वीच त्यांच्यावर तो प्रसंग ओढवला. कोणीही तो अर्ज फेटाळला नव्हता. तो केवळ फिरत होता. अर्ज कसा फिरतो, त्यावर अभिप्राय मागविण्यासाठी तो पुन्हा खाली कसा पाठवितात आणि असे करताना प्रत्येकाचे हात कसे स्वच्छ राहतात, हे आम्हांस चांगले माहीत आहे. एका वृद्धेचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आमच्याही टेबलावर तीन महिने पडून होता. आदेश निघाला तेव्हा ती हयात नव्हती. त्या तीन महिन्यांत आमच्या वर्तनात नियमबाह्य असे काही नव्हते.

कचेरीतही आंबेडकरांच्या वाट्याला निराळे काही आले नाही. शिपाई कागद हातात न देता दुरून टाकीत, असे चरित्रकार लिहितात. त्या काळच्या बडोद्यातील कचेऱ्यांत आपल्या मराठी घराण्यांतील माणसे मोठ्या संख्येने होती. महाराजांचे औदार्य ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ते औदार्य सहीपासून दारापर्यंत पोहोचविण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांत आपल्या आजा-पणजांचीही पिढी होती. आमच्या आजोबांनी त्या अर्जाविषयी काही ऐकले होते की नाही, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. विचारावयास हवे होते.

महाराजांची जबाबदारी यातून संपते असे नव्हे. आपल्या राजधानीत आपल्याच शिष्यवृत्तीधारकाला छप्पर मिळत नाही, ही गोष्ट ज्याच्या हुजूर आज्ञेवाचून पान हलत नसे अशा राजाला शोभणारी नव्हती. सही करणे आणि शेजार देणे यांत अंतर असते, आणि ते अंतर आज्ञापत्रिकेत छापून कमी होत नाही. पुढे 1930 साली लंडनच्या गोलमेज परिषदेस दोघेही उपस्थित होते. तेथील आंबेडकरांचे भाषण ऐकून महाराजांना आनंद झाला आणि त्यांनी त्यांच्या सन्मानार्थ भोजन दिले, असे धनंजय कीर यांनी नोंदविले आहे. तेरा वर्षांपूर्वी बागेत बसलेल्या माणसाला त्या पंक्तीत काय आठवले असेल, याची कल्पनाच करावी.

6 फेब्रुवारी 1939 रोजी महाराज मुंबईस निवर्तले. 1949 साली बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. आता त्यांना पाहिलेले फारसे कोणी उरले नाही. उरल्या आहेत त्या कथा. म्हणून आमची वाचकांस एक विनंती आहे. आपल्या घरांतील पेट्यांतून जुनी टिप्पणे, पत्रे, रोजनिश्या, नेमणुकीचे हुकूम असतील, तर ते रद्दीत देऊ नयेत. ज्या कागदांत महाराजांची स्तुती नाही, ज्यांत आपल्या घराण्याचा कमीपणा दिसतो, तेही ठेवावेत. किंबहुना ते आधी ठेवावेत.

आमच्या आजोबांची तसबिरीखालची कथा आम्ही आता नातवंडांना त्यांच्याच शब्दांत सांगतो. महाराजांनी बेरीज तपासली, चूक दाखविली, दुरुस्त करून आणावयास सांगितले. घड्याळ आम्ही गाळले आहे. दिलगिरीचे पत्र आणि बागेतील ते पाच तास मात्र त्यात घातले आहेत. तसबीर आहे तेथेच आहे, आणि ती उतरविण्याचे आम्हांस काही कारण दिसत नाही.