झिजलेले आटे

जुन्या स्नेअर ड्रमच्या तळच्या तारा ताणणारा खटका झिजतो, कारण वादकाचा हात सतत तिथेच जातो. दुरुस्तीत गंजका स्क्रू तेलात मुरवतात, आटे गेलेला भाग तेवढा बदलतात. इतिहास शिकवणाऱ्या मला ही झीज दप्तरापेक्षा बोलकी वाटते. अमेरिकेत या वाद्यावर पुढे हुकमत गाजवणाऱ्या काळ्यांना एकेकाळी ढोलच बंद होता. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलाम ढोल वाजवीत बंडाला उठले. १७४० च्या कायद्याने ते ढोल हिरावले. आणि १९३७ साली न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय नृत्यगृहात काळ्या चिक वेबने गोऱ्या बेनी गुडमनच्या बँडला नमवले! आमच्याकडे उलटे. बंदी नव्हे, गावकीची हलगी वाजवण्याची सक्ती. १९५६ नंतर माझ्या आज्याने ती खाली ठेवली. तिचे कडे कुणाच्या बोटांनी झिजले, हे कोणत्या दप्तरात आहे?