पाटावरची चौकी पाडायची की ठेवायची?

आजचा विषय आमच्या गटाच्या बैठकीत निघाला. बचत जमा झाली, वही बंद केली, आणि कुणीतरी म्हणालं, "ती पाटावरची चौकी पाडायचीय म्हणे."

आमच्या शिवेवर नीरा डाव्या कालव्याच्या कडेला एक जुनी दगडी चौकी आहे. छप्पर बसलंय, दाराची चौकट कुणी तरी काढून नेलीय, आत वेडी बाभळ माजलीय. ती पाडून तिथं सभामंडप बांधावा असं गावातल्या काहींचं म्हणणं आहे. आता खरं सांगायचं तर सभामंडप आम्हालाही हवाय. पावसाळ्यात आमची बैठक शाळेच्या ओसरीत होते, तीही गुरुजींनी किल्ली दिली तर. म्हणून पहिल्यांदा आमच्यातल्या बऱ्याचजणी म्हणाल्या, पाडू द्या. एक ताई म्हणाली, "साहेबाची निशाणी ती. पाण्याच्या पाळीसाठी तिथं माझा आजेसासरा हात जोडून उभा राहायचा. काय जपायचं त्यात?"

तेवढ्यात आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी बोलल्या. त्यांच्या आजेसासूनं आपल्या आईकडून ऐकलेलं होतं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा हा पाट खणला, आणि बायांनी मातीच्या पाट्या डोक्यावर वाहिल्या. आजी म्हणाल्या, "साहेबाचं नाव कागदावर आहे गं. आपल्या बायांचं कुठं आहे? ह्या दगडातच आहे."

त्यावर बैठक गप्प झाली. मग आम्ही ठरवलं, आधी माहिती काढायची, मग मत द्यायचं. ती माहिती आज तुम्हाला सांगतो.

१८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर मोठा दुष्काळ पडला. बारामती, इंदापूर हा तर कायमचा कोरडा पट्टा. सरकारनं दुष्काळी कामं काढली, आणि नीरेचा डावा कालवा त्याच काळात दुष्काळी काम म्हणून सुरू झाला. १८८५ च्या सुमारास पाणी सुटलं. आता दुष्काळी काम म्हणजे काय, तर दिवसभर राबायचं आणि जेमतेम जगण्यापुरतं मिळवायचं. १८७७ च्या सुरुवातीला सरकारनं मुंबई इलाख्यातली ती मजुरीही कमी केली. पुरुषाला दिवसाला एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा, बाईला त्याहून कमी. रत्तल म्हणजे अर्ध्या किलोलाही थोडं कमीच. तेवढ्यावर अंगमेहनतीचं काम होत नाही हे सरकारला कळत नव्हतं असं नाही, पण खजिना वाचवायचा होता. तेव्हा हजारो मजुरांनी कामं सोडली. एक प्रकारचा संपच होता तो. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांनी, त्यांची बाजू लावून धरली.

म्हणजे बघा, एकाच पाटात दोन गोष्टी आहेत. आपल्या लोकांची उपासमार त्यात आहे आणि त्याच पाटाच्या पाण्यावर पुढं आपल्या भागात ऊस उभा राहिला. १९३० च्या दशकात शेठ वालचंद हिराचंदांनी इथं साखर कारखाना काढला, वालचंदनगर वसलं. आज आपण जंक्शनला उतरून बाजार करतो, लासुर्णे, सणसरच्या पाहुण्यांकडं जातो, त्या सगळ्या पट्ट्याला ह्या पाण्यानं हात लावलेला आहे. गोऱ्या साहेबानं बांधलं म्हणून वाईट म्हणावं तर पाणी आपण पितो. चांगलं म्हणावं तर त्या उपाशी बायांचं काय करायचं?

असा पेच फक्त आपल्याच गावाला पडलेला नाही. जुलमी राज्य जातं, पण त्याच्या इमारती, पुतळे, तुरुंग मागं राहतात. त्यांचं काय करायचं, हा प्रश्न जिथं जिथं असं राज्य गेलं तिथं तिथं आला.

मागच्या वर्षी आमच्या गटाची सहल गोव्याला गेली होती. समुद्र बघायला गेलो, पण जास्त लक्षात राहिला तो आग्वादचा तुरुंग. गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य साडेचारशे वर्षं होतं. शेवटच्या काळात तर खुद्द पोर्तुगालमध्येच सालाझार नावाच्या हुकूमशहाची सत्ता होती. सभा घ्यायची नाही, छापायचं नाही, बोलायचं नाही. आपण १९४७ ला मोकळे झालो, गोवा मोकळा झाला १९ डिसेंबर १९६१ ला.

आग्वादचा किल्ला १६१२ चा. नावातच पाणी आहे. तिथं गोड्या पाण्याचा झरा होता आणि जहाजं तिथं पाणी भरून घ्यायची. पुढं त्याच किल्ल्याच्या समुद्राकडच्या भागात तुरुंग झाला. गोवा मुक्तीसाठी लढलेली माणसं तिथं कोंडली. त्यात आपल्या पुण्याचे नानासाहेब गोरे होते, मधु लिमये होते. १९५५ साली महाराष्ट्रातून सत्याग्रहींच्या तुकड्या गोव्यात गेल्या होत्या. त्याच वर्षी १५ ऑगस्टला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि वीसहून जास्त माणसं मेली. आणि बायाही मागं नव्हत्या. पुण्याच्या सुधाताई जोशी, लेखक महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी, यांनी ६ एप्रिल १९५५ ला म्हापशात बंदी मोडून सभेचं अध्यक्षपद घेतलं. तिथंच त्यांना पकडलं आणि तुरुंगात टाकलं. घरदार, मूलबाळ मागं ठेवून गेलेली बाई ती.

गोवा मुक्त झाल्यावरही आग्वाद तुरुंगच राहिला. २०१५ मध्ये कैदी दुसरीकडं हलवले. मग ती वास्तू दुरुस्त केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये संग्रहालय म्हणून उघडली. कोठड्या तशाच ठेवल्यात. आम्ही एका कोठडीत उभ्या राहिलो. बाहेर एवढा मोठा समुद्र आणि आत चार पावलं जागा. आमच्यातली एक म्हणाली, "हे पाडलं असतं तर आपल्याला नुसतं सांगून पटलं असतं का?" नसतं पटलं.

पण सगळंच होतं तिथं ठेवलं असंही गोव्यानं केलं नाही. पणजीच्या आझाद मैदानात खांबांचा एक मंडप आहे. पूर्वी त्यात अल्फोन्स द आल्बुकर्कचा पुतळा होता. १५१० मध्ये गोवा जिंकणारा तो सेनापती. आज तो पुतळा जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे आणि मैदानात त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे हे जुने जाणते नेते, त्यांच्या अस्थी तिथं ठेवल्यात. मंडप मात्र तोच. त्याचे खांबसुद्धा जुन्या गोव्यातल्या एका पडक्या चर्चचे आणलेले. दगड तेच राहिले, त्यांच्यामध्ये कुणाला मान द्यायचा ते लोकांनी बदललं.

कामॉइश नावाच्या पोर्तुगीज कवीच्या पुतळ्याची गोष्ट जास्त अवघड. हा पुतळा जुन्या गोव्यात १९६० साली उभा केला, म्हणजे राज्य जायच्या जेमतेम वर्षभर आधी. काही म्हणाले, हा तर कवी, यानं कुणावर राज्य केलं? काही म्हणाले, आमची माणसं तुरुंगात असताना सत्तेनं मुद्दाम उभी केलेली ही निशाणी आहे. तो उडवून द्यायचाही प्रयत्न झाला. शेवटी १९८० च्या दशकात तो उचलून संग्रहालयात ठेवला. फोडला नाही आणि चौकातही ठेवला नाही.

आपल्या मुंबईचंही असंच. काळा घोडा म्हणतात त्या जागी इंग्रज राजाचा घोड्यावर बसलेला पुतळा होता. १९६५ मध्ये तो हलवला, आज तो राणीच्या बागेत आहे. लोकांनी नाव मात्र घोड्याचंच चालू ठेवलं. २०१७ मध्ये तिथं नवा काळा घोडा बसवला, त्याच्या पाठीवर कुणीच नाही. राजा उतरला, घोडा राहिला.

आता मूळ पोर्तुगालमध्ये काय झालं ते ऐका. २५ एप्रिल १९७४ ला तिथली हुकूमशाही पडली. राजधानी लिस्बनमधल्या मोठ्या पुलाला सालाझारचं नाव होतं. लोकांनी पूल पाडला नाही, नाव बदललं. आज तो 'पंचवीस एप्रिल' पूल आहे. आपल्याकडं भाटघरचं धरण १९२८ मध्ये पुरं झालं तेव्हा गव्हर्नर लॉइड साहेबाचं नाव त्याला दिलं होतं. आज त्या जलाशयाला शिवरायांच्या येसाजी कंकांचं नाव आहे. पाणी तेच, भिंत तीच.

त्याच देशात पेनिश नावाच्या गावी समुद्राकाठी एक किल्ला आहे. सालाझारच्या काळात तिथं राजकीय कैदी ठेवायचे. आपले ब्रागांझा कुन्हा, ज्यांच्या अस्थी पणजीत आहेत, त्यांनाही इतक्या दूर नेऊन तिथंच डांबलं होतं. भेटीला येणाऱ्या आईला, बायकोला काचेच्या पलीकडून बोलावं लागायचं, शेजारी पहारेकरी ऐकत उभा. २०१६ साली सरकारच्या मनात आलं की हा किल्ला पर्यटनाच्या धंद्यासाठी खासगी माणसाला द्यावा. जुने कैदी आणि नागरिक उठले. म्हणाले, आम्ही जिथं कोंडून राहिलो तिथं पाहुण्यांचं हॉटेल होणार? सरकारला मागं यावं लागलं. आज तिथं अडीच हजारांवर कैद्यांची नावं कोरून ठेवलीत आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये संग्रहालय पूर्ण उघडलं. किल्ला पडण्याइतकंच त्यातली आठवण पुसण्याचं भय असतं, हे त्या लोकांनी ओळखलं.

हे सगळं आम्ही पुढच्या बैठकीत सांगितलं. मग हिशोब मांडला. इमारत पाडली की साहेबाचं काही बिघडत नाही, तो कधीच गेला. जातो तो आपला पुरावा. पण नुसती रंगवून, झेंडा लावून ठेवली तरी खोटंच. मग पोरं म्हणतील, बघा साहेबानं किती छान बांधलं. म्हणून ठेवायची तर खरं सांगून ठेवायची.

हात जोडून उभ्या राहिलेल्या आजेसासऱ्याचं बोलणाऱ्या ताईला आम्ही विचारलं, तुझं काय मत? ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तेही लिहा. पाळीसाठी हात जोडावे लागायचे, हेही लिहा. मग ठेवा." आम्हाला हे फार पटलं. तिचा राग खोटा नाही. तो राग पाटीवर आला तरच ती चौकी आपली.

सभामंडपाचं काय, हा प्रश्न उरतोच. तो सोडून चालणार नाही, कारण जिवंत बायांना बसायला जागा हवी. आमचं म्हणणं असं, की चौकी आणि कालव्याची जागा पाटबंधारे खात्याची. पाडायची किंवा नीट करायची, दोन्हीला आधी त्यांची परवानगी लागणार. मग मंडप गावठाणाच्या जागेत मागू. चौकी साफ करून, छप्पर घालून तिथं गावच्या पाण्याची माहिती ठेवता येईल का, तेही लेखी विचारू. नाहीच जमलं आणि ती पडलीच, तर निदान पडायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढून, मापं घेऊन, आजींचं बोलणं मोबाइलमध्ये भरून ठेवायचं. ते काम आम्ही सुरूही केलंय. आजी एका दमात सांगत नाहीत. भाकरी थापताना सांगतात, म्हणून मोबाइल चुलीजवळ ठेवावा लागतो.

पाटीवर काय लिहायचं त्याचा कच्चा मजकूर असा केलाय: हा कालवा १८७६ च्या दुष्काळात सुरू झाला. अर्धपोटी मजुरीवर इथल्या बाया-माणसांनी तो खणला, त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. या चौकीतून पाण्याचा हुकूम चाले आणि शेतकऱ्यांना हात जोडावे लागत. आज हे पाणी आपलं आहे, ते जपून वापरा.

ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा होते. तिथं हा मजकूर आम्ही वाचून दाखवणार. विरोध होईल, होऊ दे. बोलणं तर होईल.

तुमच्याही गावात अशी एखादी वास्तू असेल. जुनी कचेरी असेल, पडका वाडा असेल, गढी असेल, जिथं कुणी तरी कुणावर हुकूम चालवला. ती पाडायचा विषय निघाला तर घाई करू नका, आणि ठेवायचा निघाला तरी नुसती सजवू नका. आधी घरातल्या थोरल्या बाईला विचारा, तिथं काय व्हायचं? ती सांगेल ते लिहून ठेवा आणि महिलांच्या ग्रामसभेत वाचा.

पुन्हा भेटू. नमस्कार.