तोपखान्यातील एक तुर्की वाक्य

इंदूरच्या राजवाड्यापासून जवळच तोपखाना नावाचा भाग आहे. आज तेथे दुकानांची दाटी आहे, तोफ मात्र एकही दिसत नाही. नावापुरते होळकरांचे सैन्य तेथे उरले आहे. इकडे हे नाव, तर तिकडे इस्तंबूल शहरात बॉस्फरसच्या काठी ‘तोपहाने’ नावाची वस्ती आहे. सुलतान दुसरा मेहमद याच्या काळी, पंधराव्या शतकात, तेथे तोफा ओतण्याचा कारखाना उभा राहिला. दोन्ही नावे एकच आहेत. त्यांतील ‘तोप’ तुर्की व ‘खाना’ फारसी. तुर्कांच्या तोंडी ‘ख’चा ‘ह’ झाला, एवढाच फरक.

हा शब्द आमच्याकडे शस्त्राबरोबरच आला. 1526 साली पानिपतावर बाबराच्या तोफांची व्यवस्था उस्ताद अली कुली आणि मुस्तफा रूमी पाहत होते. बाबराची स्वतःची मातृभाषा मध्य आशियातील तुर्की होती व आपले आत्मचरित्र त्याने तीतच लिहिले. दक्षिणेत 1549 साली अहमदनगरास जी प्रचंड तोफ ओतली गेली आणि जी पुढे विजापुरास नेली, ती ‘मुलूख-ए-मैदान’ही रूमी म्हणविणाऱ्या मुहंमद नामक कारागिराच्या हातची. तुर्कांच्या मुलखातून आलेल्यास तेव्हा रूमी म्हणत. दरबारची भाषा फारसी असल्यामुळे तुर्की शब्द बहुधा फारसीच्या हाताला धरून मराठीत शिरले. तोफ, तोपची, कूच, कुमक, एल्गार, चकमक हे त्यांतलेच. यशवंतराव होळकरांनी भानपुऱ्यास तोफांचा कारखाना घातला. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरच्या रणात होळकरांच्या तोफांनी शर्थ केली. 6 जानेवारी 1818 च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली. ह्या सर्व धामधुमीत हे शब्द मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले की त्यांचे परकेपण कोणास जाणवेनासे झाले.

शब्द तर आले. पण त्यांच्याबरोबर त्यांचे व्याकरण आले काय? हे पाहण्यासाठी एक साधे तुर्की वाक्य घेऊ:

तोपचुलार एव्देन गेल्दिलेर.

अर्थ असा की, ‘तोपची घराहून आले.’ प्रथमदर्शनी वाक्य अपरिचित वाटते. पण त्याचे तुकडे केले की ते आपल्या ओळखीचे होऊ लागते. ‘तोप’ म्हणजे तोफ. त्यास ‘चु’ हा प्रत्यय लागला की तोफेचे काम करणारा होतो. ‘लार’ने अनेकवचन होते. ‘एव्’ म्हणजे घर आणि ‘देन’ म्हणजे आमचा पंचमीचा ‘हून’. ‘गेल्’ हा येणे ह्या अर्थाचा धातू, ‘दि’ भूतकाळाचा व ‘लेर’ पुन्हा अनेकवचनाचा. कर्ता आधी व क्रियापद शेवटी, हा क्रमही मराठीसारखाच. तुर्की आणि मराठी ह्या दोन भिन्न कुळांतील भाषा. तरी वाक्याची चाल सारखी आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता भेद पाहू. अनेकवचनाचा प्रत्यय एकदा ‘लार’ आणि एकदा ‘लेर’ का झाला? तुर्कीत स्वरांचे दोन गट आहेत. काहींच्या उच्चारात जीभ मागे जाते, काहींच्या उच्चारात ती पुढे येते. शब्दात शेवटचा स्वर ज्या गटातील, त्याच गटातील स्वर प्रत्ययाने धारण करावयाचा, असा तेथील नियम. म्हणून ‘तोपचु’पुढे ‘लार’, ‘गेल्दि’पुढे ‘लेर’. ‘चु’चेही तसेच; शब्द पाहून तो चि, चु, जि, जु अशी आठ रूपे घेतो. प्रत्यय असा नमतो, पण मूळ शब्द सहसा अढळ राहतो. एव्, एव्लेर, एव्लेरिम, एव्लेरिम्देन म्हणजे घर, घरे, माझी घरे, माझ्या घरांहून. मण्यामागून मणी ओवावा तसा प्रत्ययामागून प्रत्यय लागतो.

मराठीची रीत उलट आहे. येथे प्रत्यय लागण्यापूर्वी मूळ शब्दच सामान्यरूप घेतो: घर, घराहून, घरांहून. शिवाय तुर्कीत लिंग नाही. तो, ती, ते ह्या तिघांस तेथे ‘ओ’ हे एकच सर्वनाम आणि आला, आली, आले ह्या सर्वांस ‘गेल्दि’ हे एकच रूप.

आता आमच्या मुख्य प्रश्नाकडे वळू. लिंग नसलेल्या भाषेतून आलेली तोफ मराठीत स्त्रीलिंगी झाली. आम्ही ‘तोफ डागली’ म्हणतो. अनेकवचन ‘तोपलार’ न होता ‘तोफा’ झाले. आणि विभक्तीत ती ‘तोफेने’, ‘तोफांना’ अशी चालू लागली. ‘तोपची’मधील ‘ची’ हा अस्सल तुर्की प्रत्यय, खजिनची व मशालची ह्यांतही तोच; आमच्या ‘घरची’मधील षष्ठीच्या ‘ची’शी त्याचे नाते नाही. त्या ‘ची’ची आठ रूपे फारसीमार्गे येताना गळाली व एकच उरले. त्यावर मराठीने ‘तेल्याने’प्रमाणे ‘तोपच्याने’ आणि ‘तोपच्यांनी’ अशी रूपे घडविली. ‘चकमक’ शब्दातील ‘मक’ तर तुर्कीत ‘णे’सारखा प्रत्यय होय, ‘चाक्मक’ म्हणजे ठिणगी पाडण्यासाठी आघात करणे. मराठीत तो प्रत्यय निर्जीव होऊन शब्दात विरून गेला आणि ‘चकमक उडाली’ असे आम्ही निःशंक म्हणू लागलो. शब्द आला, पण त्याचे व्याकरण वेशीबाहेर राहिले.

कोंकणीनेही तेच केले. ‘तोपची घरांतल्यान आयले’ ह्या वाक्यात तुर्की शब्द आहे, पण घडण सारी कोंकणी. पोर्तुगीजांचे ‘जनेल’ घेतले, त्याचे ‘जनेलां’ केले आणि ‘जनेलांतल्यान’ बाहेर पाहिले.

परकीय शब्दांची भीती आमच्याकडे जुनी आहे. राज्याभिषेकानंतर शिवछत्रपतींनी रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राजव्यवहारकोश करविला. तुर्कस्तानातही 1928 साली लिपी बदलली व 1932 साली भाषामंडळ स्थापून अरबी-फारसी शब्द वेचून काढण्याचे काम आरंभले. त्या प्रयत्नांमागील स्वाभिमान आम्ही कमी लेखीत नाही. पण उस्मानी काळात फारसी-अरबी शब्दांचा एवढा पूर आला असताही ‘लार-लेर’ची जोडी व क्रियापदाची घडण तुर्कांनी सोडली नव्हती. म्हणूनच शुद्धीकरण करावयास तुर्की ही भाषा शिल्लक होती.

इंदूरकर मराठी माणसास ह्याचा बोध घेण्याजोगा आहे. 1917, 1935 आणि 2001 साली ज्या नगरीत मराठी साहित्य संमेलने भरली, तेथील घरांत आज मुले शाळेत व रस्त्यावर हिंदीच बोलतात. घरी त्यांच्या तोंडून हिंदी किंवा इंग्रजी शब्द आला की वडीलधारी मंडळी टोकतात. आम्हांस त्याची एवढी चिंता वाटत नाही. ‘तोफ’ची ‘तोफा’ करणाऱ्या मराठीने ‘बस’चे मात्र ‘बसेस’ केले, म्हणजे शब्दाबरोबर इंग्रजीचे अनेकवचनही घेतले, ही खरी विचार करण्याची गोष्ट. ‘मी जेवून राहिलो आहे’ ह्या वाक्यातील प्रत्येक शब्द मराठी आहे. पण त्याची घडण ‘खा रहा हूँ’ ह्या हिंदी वाक्याची आहे. बोलणाऱ्यास हिणवू नये. ती त्या प्रदेशाची बोली झाली आहे. परंतु भाषा कोठून पालटू लागते, हे त्यावरून कळते.

देवळाच्या सभामंडपात किंवा घरच्या पंगतीत नातवंडे भेटली, तर त्यांनी कोणता शब्द वापरला ह्यापेक्षा त्यांना ‘घर, घरा, घरांहून’ येते की नाही, हे आधी पाहावे. ते येत नसेल तर हसू नये, जवळ बसवून सांगावे. सांगताना उदाहरण हवे असेल तर तोपखान्यातील तोपच्याचे द्यावे. मुलांना तोफेची गोष्ट आवडते, आणि गोष्टीच्या ओघात विभक्तीही पाठ होऊन जाते.