रद्दीतून वाचलेली पुस्तकं

मागच्या शनिवारी माझी धाकटी मामेबहीण नेरूळला घरी आली होती. ऐरोलीत नुकतीच नोकरीला लागली आहे. चहा पिता पिता म्हणाली, "दादा, स्त्रीवादावर काहीतरी वाचायचंय. ऑफिसात जेवताना सगळे तावातावाने बोलतात आणि मी नुसती मान डोलावते. एक यादी दे ना."

आता यादी म्हटलं की आमच्या अंगात येतं! दहा मिनिटांत पाठवली. व्हर्जिनिया वूल्फ, सीमोन द बोव्हुआर वगैरे मिळून आठ पुस्तकं. तिने फोनवर यादी वरपासून खालपर्यंत बघितली आणि विचारलं, "ह्यात आपल्याकडचं काहीच नाही? आपल्याकडच्या बायकांनी काही लिहिलंच नाही का रे?"

"लिहिलंय की!" असं मी ठणकावून म्हणालो, सावित्रीबाईंचं नाव घेतलं आणि तिथेच गाडी अडली. मराठी माध्यमात दहावी केलेला माणूस मी. लाज वाटली. मग गेला आठवडाभर जे हाताशी लागलं ते वाचत बसलो, त्याचा हा हिशेब.

सुरुवात बुलढाण्यापासून. 1881 मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेला स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. (पुढे फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा झाली.) विधवेला पुन्हा लग्न करायची सोय नाही, आणि दिवस गेले तर तोंड दाखवायची सोय नाही. त्या मुलाचा बाप कोण, हे मात्र कोणी विचारत नव्हतं. उलट वर्तमानपत्रांत चर्चा कशाची, तर हल्ली बायका कशा बिघडत चालल्या आहेत ह्याची. हे वाचून ताराबाई शिंदे नावाच्या बाई चिडल्या. वडील सत्यशोधक समाजातले, स्वतः घरीच शिकलेल्या. त्यांनी 1882 मध्ये 'स्त्री पुरुष तुलना' हे छोटंसं पुस्तक पुण्यात छापून घेतलं. 500 प्रती, किंमत नऊ आणे.

मुद्दा साधा आहे आणि आजही झोंबतो. जे जे दुर्गुण तुम्ही बाईच्या माथी मारता ते पुरुषात नाहीत का? बायको मेली की नवरा लगेच दुसरी आणायला मोकळा, मग नवरा मेला म्हणून बाईने जन्मभर शिक्षा का भोगायची? ताराबाई नवऱ्यांना सोडत नाहीत, सुधारकांना सोडत नाहीत आणि पुराणांतल्या देवांनाही नाही. भाषा अशी की समोर उभं राहून कोणीतरी झापतंय असं वाटतं! वूल्फबाईंचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' आलं 1929 मध्ये, म्हणजे 47 वर्षांनी. आणि बोव्हुआरचं 'द सेकंड सेक्स' 1949 मध्ये, म्हणजे 67 वर्षांनी.

मग आपल्याला हे माहीत का नाही? तर पुस्तकावर टीका झाली. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये ताराबाईंची बाजू घेतली. त्यानंतर मात्र सामसूम. ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे पहिलंही लोक विसरले. 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं म्हणून आज तुमच्या-माझ्या हातात आहे. मध्ये तब्बल 93 वर्षं गेली. आमच्या धंद्यात बॅकअप नसला की माणूस घामाघूम होतो. इथे सगळा बॅकअप म्हणजे कुणाच्या तरी कपाटात राहून गेलेली एखादी प्रत.

त्याच्याही मागे जा. 1855 मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात एक निबंध आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. लिहिणारी मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, वय सुमारे 14. आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही, मग आमचा धर्म कोणता, असं ती सरळ विचारते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणीचे हाल सांगते. चौदाव्या वर्षी मी 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहीत होतो... असो.

पण मला सगळ्यात जास्त हलवलं ते बेबीताई कांबळे यांनी. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला जी रद्दी यायची ती त्या वाचायच्या. आणि वेळ मिळेल तसं लिहायच्याही. नवऱ्याला कळू न देता, लिहिलेले कागद घरात लपवून. असं सुमारे 20 वर्षं! फलटणला स्थायिक झालेल्या अभ्यासक मॅक्सिन बर्नसन यांना ह्याचा पत्ता लागला, त्यांनी आग्रह धरला, आणि ते लिखाण आधी 'स्त्री' मासिकात क्रमशः व 1986 मध्ये 'जिणं आमुचं' ह्या नावाने पुस्तकरूपात आलं. त्यात वीरगावच्या महारवाड्यातली उपासमार आहे, बाबासाहेबांमुळे आलेली जाग आहे. आणि जातीबाहेरच्यांनी केलेल्या जुलमाबरोबर घरातल्या पुरुषांनी आणि सासवांनी कोवळ्या सुनांचे केलेले हालही आहेत. आपल्या माणसांविषयी असं लिहायला काय छाती लागत असेल.

ह्यानंतर ऊर्मिला पवार. मीनाक्षी मून यांच्याबरोबर त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून, भेटून, बोलतं केलं आणि 1989 मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' लिहिलं. ज्यांनी स्वतः लिहिलं नाही त्यांचंही कागदावर आलं. त्यांचं आत्मचरित्र 'आयदान' 2003 मधलं. कोकणात बांबूच्या विणलेल्या वस्तूंना आयदान म्हणतात, त्यांची आई ती विणायची.

आता मूळ मुद्दा, जो सांगायला मी इतका वेळ टाळाटाळ करतोय.

आमची आजी, म्हणजे माझ्या आईची आई आणि मामेबहिणीच्या बाबांची आई, शेवटची वर्षं आमच्याकडे डोंबिवलीला होती. तिच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या होत्या. 2011 मध्ये आम्ही डोंबिवलीहून नेरूळला आलो तेव्हा सामान आवरताना त्या मीच काढल्या. एक उघडली. गहू, रॉकेल, दूध, आणि मध्येच एक ओळ, "आज कोणाशी बोलले नाही." दोन पानं पुढे, "माहेरी जायचे नाही म्हणाले." मी उभ्या उभ्या चार पानं वाचली. खाली टेम्पो उभा होता. वह्या रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवल्या आणि गठ्ठा गेला. किलोच्या भावाने.

"आपल्याकडच्या बायकांनी काही लिहिलंच नाही का?" लिहिलं होतं गं. तुझ्याच आजीने लिहिलं होतं. शनिवारी तू विचारलंस तेव्हा सांगायला तोंड उघडलं नाही, म्हणून इथे सांगतोय.

तेव्हा ही नवी यादी. आधी 'जिणं आमुचं', मग 'आयदान', मग 'स्त्री पुरुष तुलना' (भाषा जुनी आहे, मोठ्याने वाच, कळते), आणि मुक्ता साळवेचा निबंध कधीही, चार-पाच पानांचा तर आहे. जुनी आठ नंतर वाचलीस तरी चालतील. पहिली दोन मी आणून ठेवली आहेत, पुढच्या शनिवारी घेऊन जा. आणि मामीच्या कपाटात वह्या असतील तर तिला विचारून बघ. मात्र घर आवरायला मला बोलवू नकोस.