धुळे जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षण : राज्याशी तुलना

महाराष्ट्र राज्याच्या वायव्य भागातील धुळे जिल्ह्यात प्राथमिक शिक्षणाची जी व्यवस्था विकसित झाली, तिचा इतिहास व राज्याच्या सरासरीच्या संदर्भात तिचे स्थान. हा प्रदेश १८१८ मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यात आला व धुळे हे खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले. त्यांपैकी पश्चिम खानदेशाला पुढे धुळे हे नाव मिळाले. १९६० मध्ये पश्चिमेकडील १५६ खेडी गुजरात राज्यात गेली आणि १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. त्यानंतर धुळे, साक्री, शिंदखेडा व शिरपूर हे चारच तालुके जिल्ह्यात उरले. जिल्ह्याच्या शैक्षणिक आकड्यांचा विचार करताना सीमांचे हे बदल ध्यानात घ्यावे लागतात.

प्रशासनाचा विकास : मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते स्थापन झाले. १८६३-६४ पासून शेतसाऱ्यावर दर रुपयास एक आणा स्थानिक उपकर बसविण्यात आला व त्याचा एकतृतीयांश भाग शिक्षणाकडे वळविण्यात आला. खेड्यांतील शाळांना यामुळे प्रथमच निश्चित आर्थिक आधार लाभला. तथापि या निधीचे मूळ शेतसाऱ्यात असल्याने तापी खोऱ्यातील काळ्या जमिनीची गावे आणि सारा अल्प असलेला डोंगरी मुलूख यांची स्थिती आरंभापासूनच सारखी नव्हती. उपकर शेतकऱ्याने द्यावा, परंतु त्याचा लाभ त्याच्या मुलांना मिळू नये, या विसंगतीकडे जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात लक्ष वेधले होते व बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती.

१९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियमाने प्राथमिक शाळांचे नियंत्रण स्थानिक संस्थांकडे सोपविले. १९४७ च्या अधिनियमान्वये जिल्हा स्कूल बोर्डांची फेररचना झाली. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, तेव्हा स्कूल बोर्डांचे काम त्यांच्या शिक्षण समित्यांकडे गेले. नागरी शाळा नगरपालिकांकडे राहिल्या. आदिवासी भागांत शासकीय व अनुदानित आश्रमशाळांची निराळी साखळी १९७० नंतरच्या दशकात वाढली. अभ्यासक्रम राज्य शासनाने ठरवावा, पाठ्यपुस्तके १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने काढावीत आणि शाळा जिल्ह्याने चालवाव्यात, अशी ही विभागणी होय. पुस्तक सर्वत्र एकच असल्यामुळे जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतराची कारणे प्रामुख्याने शाळेबाहेरील परिस्थितीत शोधावी लागतात.

राज्याशी तुलना : १९९१ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ६४.९ टक्के, तर तत्कालीन अविभाजित धुळे जिल्ह्याची सु. ५१ टक्के होती. १९९० नंतरच्या दशकात जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या दुसऱ्या टप्प्यात बीड, जालना व गडचिरोली यांच्याबरोबर धुळे जिल्ह्याचा समावेश झाला. स्त्री-साक्षरता राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असणे, हा या कार्यक्रमातील निवडीचा एक प्रमुख निकष होता.

२००१ मध्ये राज्याची साक्षरता ७६.९ टक्के व धुळे जिल्ह्याची ७१.७ टक्के नोंदली गेली. सु. चौदा टक्क्यांचे अंतर दहा वर्षांत पाच टक्क्यांवर आल्याचे त्यावरून दिसते. पण हे दृश्य फसवे आहे. मधल्या काळात सर्वांत मागासलेले डोंगरी तालुके नंदुरबार जिल्ह्यात गेले होते व तेथील साक्षरता ५५.८ टक्के होती. लोकसंख्येच्या प्रमाणात दोन्ही जिल्हे एकत्र धरल्यास सरासरी सु. ६५ टक्के येते, म्हणजे राज्याशी असलेले अंतर बारा टक्क्यांच्या आसपास राहते. २०११ मध्ये राज्य ८२.३ टक्क्यांवर पोहोचले. धुळे ७२.८ व नंदुरबार ६४.४ टक्क्यांवर होते. त्यांची एकत्रित सरासरी सु. ६९ टक्के भरते व अंतर पुन्हा तेरा टक्क्यांवर जाते. वीस वर्षांत या प्रदेशातील साक्षरांचे प्रमाण पुष्कळ वाढले, हे निर्विवाद होय. मात्र राज्याच्या तुलनेत तो जेथे होता जवळपास तेथेच राहिला. जिल्ह्याची सीमा बदलल्याने सरासरी सुधारली, पण तेवढ्यामुळे एकही मूल अधिक शिकले नाही.

कारणमीमांसा : मुंबई-पुण्यासारख्या महानगरांमुळे राज्याची सरासरी उंचावते, ही गोष्ट खरी आहे. २०११ मध्ये राज्यातील सु. ४५ टक्के लोक नागरी भागात राहत होते, तर धुळे जिल्ह्यातील सु. २८ टक्के. परंतु केवळ एवढ्याने अंतराचा उलगडा होत नाही. कारण राज्याच्या ग्रामीण भागाची साक्षरताही ७७ टक्के होती आणि धुळे शहर धरूनही जिल्हा तिच्या खाली राहिला.

जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण ३१.६ टक्के असून राज्यात ते ९.४ टक्के आहे. शिरपूर तालुक्याचा सातपुड्यातील उत्तर भाग व साक्री तालुक्याचा सह्याद्रीलगतचा पश्चिम भाग येथे पाडे विखुरलेले आहेत. घरी अहिराणी, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाची पहिलीच्या वर्गात प्रमाण मराठीशी गाठ पडते; म्हणजे अक्षरांबरोबरच त्याला भाषाही शिकावी लागते. कोरडवाहू शेतीवर वर्षभर गुजराण होत नसल्याने अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत व राज्यातील साखर कारखान्यांच्या परिसरात जातात व उन्हाळ्यात परततात. जूनमध्ये पटावर नोंदलेले मूल त्यामुळे शालेय वर्षाचा निम्मा काळ वर्गाबाहेर राहते. साखरशाळा व हंगामी वसतिगृहे हे यावरील उपाय होत; परंतु स्थलांतर राज्याची सीमा ओलांडते तेथे त्यांची अंमलबजावणी अवघड बनते.

धुळे जिल्ह्याच्या उदाहरणावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, जिल्हा व राज्य यांची तुलना सीमांचा इतिहास वगळून केल्यास ती दिशाभूल करते. दुसरी, जिल्ह्याच्या सरासरीतही धुळे शहर व साक्रीच्या डोंगरातील पाडा एकाच आकड्यात मिसळतात. जिल्ह्याची सरासरी राज्याच्या जवळ आली तरी पाडा शहराच्या जवळ आला, असे त्यावरून सिद्ध होत नाही. प्राथमिक शिक्षणाच्या नियोजनात जिल्ह्याऐवजी तालुका व गाव हा घटक धरण्याची आवश्यकता यातूनच निर्माण होते.