ढोलाच्या पानावर काय चिकटवावे?

वरातीत बँड पुढून येत असला की सर्वांत आधी नजर जाते ती मोठ्या बास ड्रमकडे. त्याच्या गोल पानावर बँडचे नाव, गाव, कधी एखादे चित्र असते. पूर्वी हे सारे ब्रशने रंगवले जाई. आता संगणकावर कापलेले किंवा छापलेले व्हिनाइलचे चित्र चिकटवून हेच काम तासाभरात होते. येथे विद्यार्थ्यांनी विचारावा असा एक प्रश्न आहे. ढोल वाजतो तो पानाच्या कंपनाने. त्या पानावरच काही चिकटवले तर आवाज बिघडत नाही का?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपल्याला शिकागो, लंडन आणि कलकत्ता अशा तीन ठिकाणी जावे लागते.

पानाची पाटी कशी झाली?

युरोपातील लष्करी पथके आपली चिन्हे ढोलाच्या खोडावर रंगवीत. पाने वाजवण्यासाठी मोकळी असत. पुढे नाटकगृहात आणि नाचाच्या जलशात बास ड्रम जमिनीवर ठेवून वाजवला जाऊ लागला. १९०९ मध्ये शिकागो येथे विल्यम लुडविग यांनी पायाने वाजवण्याचा जलद पेडल तयार केला. वादक बसूनच पायाने बास ड्रम आणि हातांनी इतर ढोल वाजवू लागला. त्यामुळे बास ड्रमचे एक पान कायम वादकाकडे आणि दुसरे कायम श्रोत्यांकडे राहिले. आघात होतो पहिल्या पानावर. दुसरे पान आतल्या हवेच्या दाबामुळे कंप पावते. अशी मोक्याची मोकळी जागा रिकामी कशी राहील?

१९२० च्या दशकात अमेरिकेत या पुढच्या पानावर डोंगर, सरोवर, सूर्यास्त अशी चित्रे रंगवण्याची हौस आली. ढोलाच्या आत विजेचा दिवा असे. पान वासराच्या कातड्याचे, अर्धपारदर्शक. दिवा लागला की चित्र उजळून निघे. पण दिव्याचा खरा उपयोग वेगळा होता. कातड्यातील प्रथिनांचे तंतू हवेतील बाष्प शोषून घेतात. दमट हवेत पान सैल पडते आणि स्वर उतरतो. दिव्याची ऊब कातडे कोरडे ठेवी. आपल्याकडे डफ किंवा हलगी वाजवण्यापूर्वी शेकोटीवर धरतात, त्यामागचे कारणही हेच.

कातड्याची जागा पॉलिएस्टरने घेतली

१९४१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा देणारे बहुवारिक शोधले. त्याच पदार्थाची दोन्ही दिशांनी ताणलेली फिल्म १९५० च्या दशकात 'मायलार' या नावाने बाजारात आली. ती ताणाला भक्कम होती आणि पाणी जवळजवळ शोषत नव्हती. १९५६-५७ च्या सुमारास चिक एव्हन्स आणि रेमो बेली या अमेरिकी वादकांनी या फिल्मची पाने बनवून विकायला सुरुवात केली. काही वर्षांतच कातडे मागे पडले. आज महाराष्ट्रातल्या ढोल-ताशा पथकांतही कृत्रिम पाने सर्रास दिसतात. पावसाळी गणेशोत्सवात त्यांचा फायदा उघड आहे.

पान पाटीसारखे वापरण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण याच काळातले. १९६३ मध्ये बीटल्स या इंग्लिश चमूचा ढोलवादक रिंगो स्टार याने लंडनच्या 'ड्रम सिटी' या दुकानातून नवा संच घेतला. दुकानाचे मालक आयव्हर आर्बिटर यांनी चमूच्या नावाचा आराखडा कागदावर काढला. त्यातील 'टी' हे अक्षर खाली लांबवलेले होते. एडी स्टोक्स या पाट्या रंगवणाऱ्या कारागिराने तो पानावर उतरवला. ९ फेब्रुवारी १९६४ रोजी अमेरिकेत दूरचित्रवाणीवरून सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी हे नाव पाहिले. त्या दिवशीचे पान २०१५ मध्ये लिलावात २० लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले.

व्हिनाइल आले कोठून?

रंगाऱ्याला पॉलिएस्टर मात्र गैरसोयीचे होते. कातड्यात रंग थोडा मुरतो. गुळगुळीत फिल्मवर तो केवळ वर बसतो, आणि पान सतत थरथरत असल्याने पापुद्रे सुटतात. म्हणून पानाइतकीच लवचीक, स्वतःच चिकटणारी फिल्म सोयीची ठरली.

ही फिल्म दोन शोधांच्या जोडीतून आली. १९२६ मध्ये वाल्डो सेमन हे रबर धातूला चिकटवणारा पदार्थ शोधत होते. त्या खटपटीत पॉलिव्हिनाइल क्लोराइड हा कडक पदार्थ उकळत्या द्रावकात विरघळवल्यावर त्यांना रबरासारखा लवचीक गोळा मिळाला. चिकटवणारा पदार्थ काही सापडला नाही, पण मऊ व्हिनाइल सापडले. १९३५ मध्ये स्टँटन एव्हरी यांनी पाठीचा कागद सोलून चिकटवायची लेबले बनवायला घेतली. अशा लेबलांचा डिंक पाणी किंवा उष्णता न लावता, नुसत्या दाबाने चिकटतो. दाबल्यावर तो सावकाश वाहून पृष्ठभागाच्या बारीक खाचा भरतो. झटक्याने ओढल्यास घनासारखा विरोध करतो. १९८० च्या दशकात संगणकाच्या आज्ञेने फिल्म कापणारी यंत्रे आली आणि कोणत्याही नावाची, चित्राची एकच प्रत काढणेही परवडू लागले.

चिकटवण्याची रीत वह्यांना प्लॅस्टिकचे कव्हर घालणाऱ्या कोणालाही समजेल. पान पुसून कोरडे करायचे. साबणाचे चार थेंब घातलेले पाणी फवारायचे, म्हणजे फिल्म लगेच पकडत नाही आणि सरकवून नेमकी बसवता येते. मग मधून कडेकडे पट्टी ओढत पाणी व हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. बुडबुडा राहिला तर तेथून फिल्म सुटू लागते.

आवाजाचे काय होते?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताणलेल्या पटलाची कंप्रता ताण आणि दर चौरस मीटरचे वस्तुमान यांवर ठरते. ताण तोच असेल तर कंप्रता या वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. पाव मिलिमीटर जाडीच्या पॉलिएस्टरचे वस्तुमान दर चौरस मीटरला सुमारे ३५० ग्रॅम भरते. पातळ व्हिनाइल आणि डिंक मिळून सुमारे ९५ ग्रॅम धरू. पूर्ण पान झाकले तर वस्तुमान १.२७ पट होते आणि त्याचे वर्गमूळ १.१३ येते. म्हणजे हवेचा भार बाजूला ठेवला तर कंप्रता ११ टक्क्यांनी उतरते. सुमारे एका पूर्ण स्वराचा, रेवरून सावर येण्याइतका फरक पडतो. ताण वाढवून तो भरून काढता येतो.

भरून काढता येत नाही तो दुसरा परिणाम. सावकाश वाहण्याचा डिंकाचा गुण चिकटण्यास उपयोगी पडतो, तोच कंपनाची ऊर्जा खातो. सूक्ष्म, वेगवान कंपने लवकर विरतात आणि आवाजातली खणखण जाऊन तो बोदा होतो. म्हणून चित्र आघाताच्या पानावर न लावता पुढच्या पानावर लावतात. बास ड्रमचा आवाज थोडा दबलेला अनेक वादकांना हवाच असतो; काही जण आत उशीदेखील ठेवतात.

आपला कारागीर काय चिकटवतो?

येथपर्यंत चिकटवलेल्या थराने आवाजात कमीत कमी ढवळाढवळ करावी, एवढीच अपेक्षा होती. आपल्याकडच्या कारागिरांनी मात्र आवाज बदलण्यासाठीच पानावर थर दिला. नाट्यशास्त्रात पुष्कर वाद्यांवर नदीकाठच्या मातीचा लेप देण्याचे वर्णन आहे. पखवाजाच्या डाव्या बाजूला आजही ओली कणीक लावतात. तबल्याच्या पुडीवर लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांची शाई थरावर थर चढवून बसवतात. प्रत्येक थर दगडाने घोटताना शाईत बारीक भेगांचे जाळे तयार होते. त्यामुळे ती जड असूनही पुडीबरोबर लवते.

याचा परिणाम काय? साध्या गोल पानातून निघणाऱ्या स्वरांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे असते. ते एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून साध्या ढोलाचा निश्चित स्वर ऐकू येत नाही. १९२० मध्ये चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी एस. कुमार यांच्यासह 'नेचर' नियतकालिकात दाखवले की, शाई असलेल्या भारतीय वाद्यांत हे प्रमाण जवळजवळ १, २, ३, ४, ५ असे, म्हणजे तंतुवाद्यासारखे होते. तेव्हा ते कलकत्त्यात होते. १९३४ मध्ये बंगलोरहून त्यांनी सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. पुडीवर बारीक वाळू टाकून, ती कोणत्या रेषांवर गोळा होते ते पाहून त्यांनी सिद्ध केले की, कंपनाचे नऊ प्रकार शाईमुळे या पाच स्वरांत गोळा होतात. १९५४ मध्ये रामकृष्ण आणि सोंधी यांनी त्याचे गणितही मांडले.

शाईचा आकार, जाडी, जागा प्रथम कोणी ठरवली, त्यांची नावे इतिहासात नाहीत. नेहमीच्या समीकरणांनी बेसूर ठरणारे पान त्यांनी कानाच्या भरवशावर सुरात आणले, आणि ते कसे साधले हे समजून घ्यायला भौतिकीला पिढ्यान्‌पिढ्या लागल्या. विज्ञानाच्या इतिहासात या कामाची नोंद रामन यांच्या निबंधाइतक्याच ठळकपणे व्हायला हवी, असे आम्हांला वाटते.

वर्गात करून पाहा

रुंद तोंडाच्या डब्यावर मोठ्या फुग्याचे रबर ताणून बांधा. बोटाने टिचकी मारून आवाज ऐका. मग मधोमध चिकटपट्टीचे एक, दोन, चार गोल तुकडे एकावर एक लावत जा. स्वर कसा उतरतो आणि आवाज किती लवकर विरतो, याची नोंद मुलांना करू द्या. नंतर तेच तुकडे कडेला लावून पाहा. मधोमध आणि कडेला लावण्यात फरक का पडतो, हे मात्र लगेच सांगू नका. पानावर चिमूटभर बारीक रवा टाका, डब्याजवळ मोठ्याने 'आ' म्हणायला लावा, आणि रवा कोठे उडतो ते त्यांनाच पाहू द्या.