लोणारचे खारे पाणी

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराची पाश्चात्त्य जगाला ओळख झाली ती १८२३ साली, सी. जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्यामुळे. आपल्या लोकांना मात्र ते कित्येक शतके ठाऊक होते. काठावरची जुनी देवळेच त्याची साक्ष देतात.

उल्कापाताने बेसाल्ट खडकात घडलेल्या या विवरातून पाण्याला बाहेर पडावयास वाट नाही. धारेचे गोडे पाणी आत येते, उन्हाने त्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. एके काळी येथले क्षार काढून विकले जात. हा बंदिस्तपणा सरोवराचे वैभव, आणि त्याचा धोकाही. कारण जे आत गेले, ते आतच राहिले. कडेवर वाढलेल्या लोणार गावाचे सांडपाणी विवरात उतरू लागले. २००० साली परिसर अभयारण्य म्हणून घोषित झाला. पण अधिसूचनेने गटार थोडेच थांबते! अखेर २००९ साली काही नागरिक जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेले. सृष्टी हे आपले समाईक घर आहे, असे पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात लिहिले ते २०१५ साली. या मंडळींनी त्याआधीच घराची राखण आरंभिली होती, हे आम्हांला विशेष वाटते.

जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले. उन्हाळ्यात खारेपणा वाढून क्षारप्रिय सूक्ष्मजीव फोफावल्याचे पुण्याच्या आघारकर संस्थेला आढळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आले.